शूटसाठी पदरमोड किती दिवस? प्रवासखर्चाचं बोलणं आधीच करा

आमच्या घरात फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नाहीत, पावत्या आहेत. टोलच्या, पार्किंगच्या, पेट्रोलच्या, हॉटेलातल्या जेवणाच्या. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना मी तो उघडला, तर निम्म्या पावत्या कोऱ्या झालेल्या. त्या चकचकीत कागदावरची छपाई उष्णतेने उमटते आणि काही महिन्यांत उडूनही जाते. दादा म्हणाला, “टाकून दे. त्याचे पैसे काही मिळायचे नाहीत आता.”

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो फ्रीलान्स व्हिडिओ प्रोड्यूसर आहे. कंपन्यांच्या फिल्म, कार्यक्रमांचे व्हिडिओ, दुकानांच्या छोट्या जाहिराती असं काम करतो. कॅमेरा त्याचा, एडिटिंग त्याचं, माणसं जमवणं त्याचं आणि पैसे मागणंही त्याचंच. मी कंटेंट रायटर. इंग्रजी घेऊन बीए केलंय, त्यामुळे हिशेब हा माझा प्रांत नाही. पण गेल्या वर्षी एका महिन्याचं घरभाडं मला एकटीला भरावं लागलं आणि तेव्हापासून दादाच्या बिलांमध्ये मी लक्ष घालायला लागले.

तुमच्या घरात कोणी फोटोग्राफर, व्हिडिओग्राफर, मेकअप आर्टिस्ट, अँकर, ट्रेनर किंवा कुठल्याही प्रकारचा फ्रीलान्सर असेल, तर हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि त्याच्या घरच्यांसाठीसुद्धा. कारण पदरमोड एकाची होते, पण पदर सगळ्या घराचा असतो.

विमानतळ जवळ, शहर लांब

आम्ही देवनहळ्ळीत राहतो. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी बंगळूरला विमानाने आला असाल तर तुम्ही इथेच उतरलेले आहात. २४ मे २००८ पासून बंगळूरचं विमानतळ याच तालुक्यात आहे. आज त्याला केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात. त्याआधी देवनहळ्ळी ओळखली जायची ती किल्ल्यासाठी, टिपू सुलतानाचं जन्मगाव म्हणून आणि इथल्या चक्कोत्यासाठी. चक्कोता म्हणजे आपलं पपनस. देवनहळ्ळीच्या पपनसाला जीआय मानांकन मिळालेलं आहे.

गडहिंग्लजहून इथे आलो तेव्हा दादाचा हिशेब साधा होता. शहरापेक्षा भाडं कमी आणि बाहेरगावच्या शूटसाठी विमानतळ हाकेच्या अंतरावर. अर्धा हिशेब बरोबर निघाला. भाडं खरंच कमी आहे. पण दादाची बहुतेक कामं विमानाने जाण्याची नाहीतच. ती आहेत बंगळूर शहरात. विधानसौध इथून सुमारे ४० किलोमीटर. इलेक्ट्रॉनिक सिटी तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका बाजूने साधारण ६० किलोमीटर. वाटेत सादहळ्ळीचा टोलनाका. पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणरस्त्याचा वेगळा टोल. ट्रॅफिकबद्दल मी काही लिहीत नाही, बंगळूरच्या ट्रॅफिकची कीर्ती महाराष्ट्रात पोहोचलेली आहे.

आणि क्लायंट काय म्हणतो? “तुम्ही बंगळूरचे, आम्ही बंगळूरचे. लोकल शूटला प्रवासखर्च कसला?”

प्रश्न वरवर बरोबर वाटतो. आमच्या पत्त्यातही बंगळूर येतंच. पण गाडीचं पेट्रोल पत्ता वाचून जळत नाही, अंतर मोजून जळतं. पुण्यात राहून रांजणगावच्या कारखान्यात शूट करणाऱ्याला किंवा बदलापूरहून कुलाब्याला लाइट घेऊन जाणाऱ्याला हे सांगायला नको.

१४ हजार ३०० रुपयांची एक ओळ

गेल्या वर्षी शहराच्या दक्षिण भागातल्या एका कंपनीचं काम आलं. फी ठरली ५५ हजार रुपये. तीन दिवसांचं शूट आणि नंतर एडिटिंग. प्रवासाचा विषय कोणीच काढला नाही. दादाला वाटलं, पहिलंच काम आहे, एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला बोलायचं. क्लायंटला वाटलं, ५५ हजारांत सगळं आलं.

तेव्हा दादाकडे फक्त स्कूटर होती. दोन लाइट, ट्रायपॉड, कॅमेऱ्याची बॅग आणि एक मदतनीस एवढं स्कूटरवर मावत नाही. तीन दिवस टॅक्सी केली, रोजचे जाऊन-येऊन २,७०० प्रमाणे ८,१०० रुपये. एका रात्री काम एक वाजता संपलं, तेव्हा तिथेच लॉजवर राहिले, २,२०० रुपये. मग कंपनीतल्या साहेबांना स्वतःचा शर्टाचा रंग आवडला नाही, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा शूट. मित्राची गाडी मागून नेली, तर पेट्रोल, टोल आणि पार्किंग मिळून १,४५०. मदतनीसाचं जेवण आणि त्याचा जाण्या-येण्याचा खर्च चार दिवसांचा २,५५०. एकूण १४,३००.

दादाने बिलाच्या शेवटी एक ओळ लिहिली, ‘प्रवास व इतर खर्च : १४,३००’. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की हे आधी ठरलं नव्हतं, त्यामुळे मंजूर करता येत नाही. ५५ हजारांतून १० टक्के टीडीएस कापून ४९,५०० रुपये खात्यात आले. त्यातून १४,३०० आधीच गेलेले. हातात राहिले ३५,२००. शूट आणि एडिटिंग मिळून तेरा दिवसांचं काम होतं ते. त्या महिन्यात कॅमेऱ्याचा हप्ता भरून भाड्याला काही उरलं नाही.

मी दादावर चिडले. दादा क्लायंटवर चिडला. पण खरं सांगायचं तर क्लायंट फसवणूक करत नव्हता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच्या अकाउंट्स विभागासमोर एक अशी रक्कम आली, जिला ना आधीची मंजुरी, ना पावती, ना तपशील. त्यांनी ती कापली. त्यांच्या जागी मी असते तर मीही कापली असती.

बाबांची फिरती

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. बाबा पंचायत समितीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्यांची प्रवास भत्त्याची बिलं तपासण्यात घालवली. ऐकून घेतलं आणि विचारलं, “फिरती मंजूर कुणी केली होती?”

दादा गप्प.

मग बाबांनी समजावून सांगितलं. सरकारी माणूस फिरतीवर जायचा तर आधी संभाव्य फिरती कार्यक्रम द्यायचा. साहेबाने मंजूर केला की मगच निघायचं. लांब जायचं असेल तर आगाऊ रक्कम उचलायची. परत आल्यावर कुठून कुठे, किती वाजता, कशाने, किती किलोमीटर, किती पैसे, सगळं एकेका ओळीत लिहायचं, पावत्या जोडायच्या आणि मुदतीत बिल द्यायचं. प्रवास भत्ता वेगळा आणि बाहेर राहिल्याबद्दलचा दैनिक भत्ता वेगळा.

“आम्ही सरकारी नोकर कंटाळायचो त्या कागदांना,” बाबा म्हणाले. “पण खिशातला पैसा बुडला नाही कधी. तू मालक म्हणवतोस आणि मंजुरी न घेता निघतोस. भीड भिकेची बहीण असते, बाळा.”

त्या फोननंतर आम्ही दोघांनी बसून नियम ठरवले. सगळ्या नियमांचं सार एवढंच: प्रवासाआधी बोललं तर ती अट असते, प्रवासानंतर बोललं तर ती विनंती होते. अट पाळावी लागते. विनंती नाकारता येते.

ठरवण्याचे तीन रस्ते

प्रवासाचे पैसे ठरवण्याच्या मुख्य पद्धती तीन. कुठली निवडायची ते कामावर अवलंबून आहे.

पहिली : क्लायंटनेच तिकीट काढायचं. बाहेरगावच्या कामासाठी ही सगळ्यात चांगली. विमान, रेल्वे, हॉटेल सगळं क्लायंटने स्वतःच्या नावावर बुक करायचं. तुमचे पैसे अडकत नाहीत, पावत्यांची कटकट नाही आणि ते बिल थेट क्लायंटच्या नावावर होतं. फक्त बुकिंगच्या आधी तुमच्या गरजा सांगा. पहाटे तीनचं विमान आणि सकाळी आठचं शूट असली तिकिटं आली की मग बोलायला तोंड राहत नाही.

दुसरी : प्रत्यक्ष खर्च, पण मर्यादा ठरवून. जो खर्च होईल तो पावत्या दाखवून घ्यायचा. सोबत वरची मर्यादाही लिहायची, म्हणजे क्लायंटला धास्ती वाटत नाही. मर्यादेपलीकडे जायची वेळ आली तर खर्च करण्याआधी मेसेज करून होकार घ्यायचा. दादाला चौथ्या दिवशी बोलावलं, तेव्हा “येतो, पण या फेरीचे १,४५० वेगळे होतील” एवढा एक मेसेज पुरला असता.

तिसरी : ठोक रक्कम. शहरातल्या शहरात हे सोपं पडतं. ‘देवनहळ्ळीपासून २० किलोमीटरपर्यंत प्रवासखर्च नाही, त्यापुढे रोजचे इतके’ असं दरपत्रकातच लिहून टाकायचं. यात थोडा फायदा-तोटा होतो, पण वाद होत नाही. ‘लोकल’ हा शब्द मात्र वापरू नका. प्रत्येकाचं लोकल वेगळं असतं. किलोमीटर लिहा.

गाडी स्वतःची असली तरी फुकट नसते

आता दादाने जुनी गाडी घेतली आहे. पहिले काही दिवस तो फक्त पेट्रोलचे पैसे लावत होता. बाबांनी पुन्हा कान धरला. टायर कोणाचे झिजतात? सर्व्हिसिंग कोण करतं? विमा कोण भरतं?

ढोबळ हिशेब असा करता येतो. पेट्रोल १०० रुपये लिटर धरू आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं मानू. म्हणजे नुसतं पेट्रोलच किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या वर जातं. वर्षभराची सर्व्हिसिंग, विमा, टायर आणि गाडीची घसरणारी किंमत यांची बेरीज करून वर्षभरात गाडी जेवढे किलोमीटर धावते त्याने भागा. येईल तो आकडा पेट्रोलमध्ये मिळवा. आमचा दर १२ रुपये आला. तुमचा वेगळा येईल. इलेक्ट्रॉनिक सिटीची जाऊन-येऊन फेरी १२० किलोमीटरची, म्हणजे १,४४० रुपये. टोल आणि पार्किंग वेगळं, पावतीप्रमाणे.

हा दर कोणी विचारला तर दोन मिनिटांत समजावून सांगता यायला हवा. तेवढं जमलं की घासाघीस आपोआप कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

प्रवासात आणखी काय मोजायचं?

प्रवासखर्च म्हणजे नुसतं तिकीट नाही. व्हिडिओच्या कामात सुटून जाणाऱ्या गोष्टी या:

• सामानाचं वजन. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटात बहुधा १५ किलो सामान चेक-इनला चालतं. लाइट, स्टँड आणि ट्रायपॉड यांनीच तो आकडा पार होतो. जादा किलोचे पैसे विमान कंपनी लगेच घेते. क्लायंटकडून ते मिळवायचे तर आधी सांगितलेलं हवं.

• बॅटऱ्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या दोनच सुट्या बॅटऱ्या चालतात, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावरची प्रवासी विमानात चालतच नाही. म्हणजे मोठ्या बॅटऱ्या शूटच्या गावी भाड्याने घ्याव्या लागतात. तो खर्चही प्रवासामुळेच आला.

• मदतनीस. त्याचं जेवण, त्याचं येणं-जाणं, रात्र झाली तर त्याची राहण्याची सोय. तुम्ही एकवेळ बसने याल. रात्री एक वाजता त्याला बसस्टॉपवर सोडून येता येत नाही.

• प्रवासाचा दिवस. शूट सकाळी लवकर असेल तर आदल्या दिवशी निघावं लागतं. तो दिवस दुसऱ्या कामाला मिळत नाही. अशा दिवसाला शूटच्या दराच्या निम्मा दर लावण्याची पद्धत बरेच जण ठेवतात. सरकारी दैनिक भत्त्याचाच हा फ्रीलान्स भाऊ.

• रद्द होणं. शूट पुढे ढकललं की तिकीट रद्द करताना पैसे कापले जातात. क्लायंटमुळे तारीख बदलली तर तो भुर्दंड क्लायंटचा, तुमच्यामुळे बदलली तर तुमचा. दोन्ही बाजू लिहा, म्हणजे अट न्यायाची वाटते.

पुण्या-मुंबईहून बंगळूरला शूटसाठी येणाऱ्यांना एक शेजारधर्माची सूचना. विमान दीड-दोन तासांत देवनहळ्ळीत पोहोचवतं, पण पुढचं शहर बाकी असतं. विमानतळापासून मॅजेस्टिकला, म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकाला, बीएमटीसीची वायुवज्र बस जाते आणि एकट्या माणसाला ती उत्तम. चार बॅगा आणि दोन माणसं असतील तर टॅक्सीच लागते. कोटेशनमध्ये विमानाचं तिकीट लिहून टॅक्सी विसरू नका. येतानाची एक आणि जातानाची एक.

बिल लिहायचं कसं?

‘प्रवास व इतर’ ही ओळ आता आमच्या घरात बंद आहे. दादाचं बिल आता साधारण असं दिसतं:

व्हिडिओ निर्मिती, दोन दिवस शूट व एडिटिंग : ६०,०००
कार, १२० कि.मी. × २ दिवस × १२ रुपये : २,८८०
टोल व पार्किंग, पावत्या १ ते ६ : ७२०
मदतनीसाचा भत्ता, २ दिवस × ७०० : १,४००
लॉज, एक रात्र, पावती ७ : २,०००
प्रवासखर्च एकूण : ७,०००
एकूण बिल : ६७,०००

पावत्यांना नंबर द्यायचे आणि त्याच क्रमाने जोडायचे. पावती मिळाल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढायचा. डब्यातल्या कोऱ्या पावत्यांनी आम्हाला एवढं तरी शिकवलं. पैसे यूपीआयने दिले तर स्क्रीनशॉटही ठेवावा, पण तो पावतीची जागा घेत नाही. त्यात पैसे कुणाला दिले ते दिसतं, कशासाठी दिले ते नाही.

आता जीएसटी आणि टीडीएस. हे दोन शब्द ऐकले की मी पूर्वी खोलीतून बाहेर जायचे. पण मूळ गोष्टी कळायला अवघड नाहीत.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर बहुतेक राज्यांत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यातच येतात. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाच नाही. पण एक लक्षात ठेवा: क्लायंटकडून बिलातून घेतलेला प्रवासखर्चही या उलाढालीत मोजला जातो. १८ लाखांची फी आणि अडीच लाखांचा प्रवास असेल तर मर्यादा ओलांडलेली आहे.

नोंदणी असेल तर अनेकांचा समज असतो की फीवर जीएसटी लावायचा आणि प्रवासखर्च तसाच सोडायचा. तसं नाही. २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार सेवेसोबत क्लायंटला लावलेले आनुषंगिक खर्चही सेवेच्या किमतीत धरले जातात. तुम्ही टॅक्सी केली ती तुमचं काम करण्यासाठी, म्हणून ती तुमच्या सेवेचाच भाग. वरच्या बिलात ६७,००० वर १८ टक्के, म्हणजे १२,०६० रुपये जीएसटी लागेल आणि बिल ७९,०६० चं होईल. क्लायंटच्या वतीने, त्याने सांगितल्यावरून, त्याच्यासाठीच एखादी वस्तू वा सेवा घेतली तर ‘प्युअर एजंट’ नावाची सवलत आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. स्वतःच्या टॅक्सीला ती सहसा लागू होत नाही.

हॉटेलचीही एक गंमत आहे. पुण्यातला जीएसटी नोंदणी असलेला फ्रीलान्सर देवनहळ्ळीत हॉटेलात राहिला, तर हॉटेल कर्नाटकचा जीएसटी लावतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. तो पैसा त्याच्या खिशातूनच जातो. म्हणून हॉटेलचा खर्च करासकट धरा, किंवा वर सांगितला तसा पहिला रस्ता धरा, क्लायंटलाच बुक करू द्या.

टीडीएसचं असं की व्यावसायिक फी मानली तर कंपन्या १० टक्के कापतात, कंत्राटी काम मानलं तर एकट्या व्यक्तीला १ टक्का. फीसोबत एकाच बिलात प्रवासखर्च लिहिला तर पूर्ण रकमेवर कपात होते. आयकर विभागाने १९९५च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्येच सांगितलंय की बिलातून असे खर्च वजा करून टीडीएस काढता येत नाही. आपल्या उदाहरणात १० टक्क्यांनी ६,००० ऐवजी ६,७०० कापले जातील. प्रवासखर्चाचं वेगळं बिल आणि पावत्या दिल्या तर काही कंपन्या त्यावर टीडीएस कापत नाहीत. कापला तरी तो बुडत नाही, तुमच्या नावावर सरकारजमा होतो आणि रिटर्न भरताना हिशेबात येतो. जीएसटीची रक्कम बिलात वेगळी दाखवलेली असेल तर तिच्यावर टीडीएस कापायचा नसतो. बिलं दोन केली म्हणून जीएसटी मात्र टळत नाही. तुमच्या परिस्थितीत काय योग्य, ते वर्षातून एकदा सीएला विचारून घ्या.

पैसे अडकले तर?

फी उशिरा आली तर कमाई उशिरा आली. प्रवासखर्च उशिरा आला तर तुमच्या बचतीतून तुम्ही कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलं. म्हणून बाहेरगावच्या कामात प्रवासाचे सगळे पैसे आधी आणि फीचा निम्मा भाग आधी, असा नियम ठेवता आला तर उत्तम.

आणि एक काम आजच करा. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती ऑनलाइन होते, फुकट होते आणि एकट्या फ्रीलान्सरलाही करता येते. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय आयकर कायद्यातल्या नव्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्स विभाग जरा लवकर हलतो. मात्र नोंदणी काम घेण्याआधी केलेली असावी.

आपणही सरळ राहायचं

हे सगळं लिहिताना दादाला एक अट मीच घातली. आपला एक रुपया सोडायचा नाही, तसा दुसऱ्याचा एक रुपया घ्यायचा नाही. शूट संपल्यावर नंदी हिल्सला सूर्योदय बघायला गेलो तर ते पेट्रोल आपलं. एकाच दिवशी शहरात दोन क्लायंटची कामं केली तर फेरीचे पैसे दोघांत वाटायचे, दोघांकडून पूर्ण घ्यायचे नाहीत. बसने जाऊन टॅक्सीचे लावायचे नाहीत. प्रवासखर्च हा कमाईचा भाग नाही. कमी पडत असेल तर फी वाढवावी, किलोमीटर वाढवू नयेत.

एक फोन

गेल्या महिन्यात दादाला जयनगरहून एक फोन आला. नवं काम, दोन दिवसांचं शूट. मी स्वयंपाकघरात होते. दादा बोलत होता, फी सांगून झाली आणि मग तो थांबला. मला माहीत होतं काय अडलंय. मी पोळी तव्यावर टाकून दारात येऊन उभी राहिले.

“आणखी एक,” दादा म्हणाला, “मी देवनहळ्ळीत राहतो. प्रवासखर्च वेगळा असतो. किलोमीटरचा दर आणि वरची मर्यादा मेलमध्ये लिहितो. तुमचा होकार आला की तारीख पक्की करू.”

पलीकडे दोन क्षण शांतता. मग उत्तर आलं, “ओके, मेल करा.”

बस, एवढंच. इतके दिवस ज्या वाक्याची भीती वाटत होती, ते वाक्य अर्ध्या मिनिटाचं निघालं. पोळी मात्र करपली.

प्रत्येक जण ओके म्हणेलच असं नाही. एकाने नंतर नाही म्हटलं आणि ते काम दादाने सोडलं. वाईट वाटलं. पण मागच्या वेळी काम करूनही पैसे गेले होते, या वेळी निदान घरात बसून दुसऱ्या कामाचं एडिटिंग झालं.

तुमच्या घरातला फ्रीलान्सर आज बॅग भरत असेल, तर त्याला चार्जर घेतलास का, डबा घेतलास का, हे विचाराच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: “प्रवासाचं बोललास का?” नसेल बोलला, तर निघण्याआधी एक मेसेज टाकायला पाच मिनिटं पुरतात. मेसेजमध्ये एवढं लिहिलं तरी चालेल:

“प्रवास, राहणं व सामानाचा खर्च फीव्यतिरिक्त असेल. कारचा दर किलोमीटरला अमुक, टोल-पार्किंग पावतीप्रमाणे, एकूण मर्यादा अमुक. यापेक्षा जास्त लागल्यास आधी विचारेन. तारीख तुमच्याकडून बदलल्यास रद्द करण्याचे पैसे तुमच्याकडे, माझ्याकडून बदलल्यास माझ्याकडे. कृपया होकार कळवा.”

आणि हो, तो बिस्किटांचा डबा मी टाकला नाही. रिकामा करून धुतला. सध्या त्यात बिस्किटं आहेत.